हौद्यातला दिवा

इम्तियाजने ब्रेकवर पाय ठेवला आणि फ्यूज पुन्हा उडाला.

"काढा पाय!" गाडीच्या मागून वायरमन श्यामसुंदर ओरडला. "फ्यूज म्हणजे काय चणे-फुटाणे वाटले?"

स्वारगेटच्या मागच्या गल्लीत सकाळपासून हेच चाललं होतं. अब्बा गेल्यावर काचांचं दुकान आणि ही म्हातारी पिकअप, दोन्ही इम्तियाजच्या गळ्यात पडली होती. आज दोष सापडला नाही तर गाडी भंगारात, असं त्याने काल घरी जाहीर केलं. तेव्हापासून अम्मी त्याच्याशी बोलत नव्हती. गाडीबरोबर मात्र आली होती. गॅरेजबाहेर स्टुलावर पाठ फिरवून बसली होती.

श्यामसुंदरने मागच्या दोन्ही ब्रेकलाइटच्या वायरी सोडवल्या. "आता दाबा."

तरी फ्यूज उडाला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवेच जोडलेले नाहीत, मग करंट जातोय कुठे? इम्तियाज भंगारवाल्याला विसरला आणि डॅशबोर्डखाली डोकं घालून बसला.

पेडलजवळच्या जोडातून एक जादा वायर निघाली. हिरवी, घरातल्या पंख्याला असते तसली.

"ही कुणाच्या लग्नाला निघालीये?" म्हणत श्यामसुंदर तिच्या मागे लागला. सीटखालून जाऊन ती केबिनच्या पत्र्यातल्या भोकातून मागच्या, माल ठेवायच्या हौद्यात शिरत होती. भोकाच्या धारेवर घासून तिचं साल निघालं होतं. "हा बघा शॉर्ट. कापून टाकतो, विषय संपला."

"थांबा," इम्तियाज म्हणाला. "जाते कुठे ते तर बघू."

हौद्यात, केबिनच्या पाठीवर, रंगाचे ओघळ अंगावर घेऊन एक छोटा बल्ब बसला होता.

"ब्रेकचा दिवा हौद्यात? बघणार कोण, काचा?"

"मी," स्टुलावरून अम्मी म्हणाली. "मागे काचा धरून मीच बसायचे. ब्रेक मारायच्या आधी हे ओरडायचे, धर! एकदा आमचं कडाक्याचं भांडण झालं. अबोला धरला त्यांनी. मग ओरडणार कसे? दुसऱ्या दिवशी हा दिवा लावला. आधी नुसता पाय टेकवायचे, दिवा लागायचा, मग दाबायचे."

"भांडण मिटलं ना पण?" श्यामसुंदरने विचारलं.

"मिटलं. दिवा राहिला."

आधी पाय टेकव, मग दाब. अब्बांनी इम्तियाजलाही असंच शिकवलं होतं, का ते कधी सांगितलं नव्हतं. ब्रेकला आधी सलाम ठोकतो म्हणून मित्र त्याला हसायचे. त्याला एकदम अब्बांची फार आठवण आली.

"कापू ना?" श्यामसुंदर पक्कड उघडून उभा होता.

"नको. टेप लावा, भोकात रबर बसवा. आणि बल्ब नवा टाका."

काम झालं तशी अम्मी उठली आणि कुणाचा हात न घेता हौद्यात चढली. इम्तियाज केबिनमध्ये बसला. त्याने ब्रेकवर पाय नुसता टेकवला.

मागून आवाज आला, "धरलंय."