कौतिकाबाईंची हिरवी बांधी

भात पोटरीत आला होता, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा शेवाळाच्या प्रयोगशाळेतल्या डॉ. मृण्मयी टेंभरे कौतिकाबाई रामटेके यांच्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या. आजूबाजूचं सगळं शिवार पिवळं पडलं होतं. हवेतला नत्र भाताला पुरवणारं, प्रयोगशाळेत घडवलेलं निळं-हिरवं शेवाळ एका विषाणूने पंधरा दिवसांत मारलं होतं. युरियाचे कारखाने बंद होऊन वीस वर्षं झाली होती. कौतिकाबाईंची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं खाचर, तेवढी हिरवी होती, कारण तिच्यात सासूच्या वेळचं, त्या विषाणूला दाद न देणारं जुनं शेवाळ अजून जगत होतं.

"बाटलीभर घेऊन जा," कौतिकाबाई म्हणाल्या.

"मावशी, तेवढ्यातून वाढवलं तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत दहा गावांपुरतंच होईल."

"आणि जास्त नेलं तर?"

"बांधीतला सगळा वरचा चिखल मिळाला, तर जिल्ह्याला पुरेल. पण त्यासाठी बांधीतलं पाणी सोडून द्यावं लागेल."

"म्हणजे माझा भात गेला."

"हो. मी खोटं सांगणार नाही."

कौतिकाबाईंनी उभ्या पिकाकडे एकदा पाहिलं. घरात वर्षभराचं खाणं त्याच बांधीतून यायचं. मग त्यांनी कुदळीने बांध फोडला. पाणी ओसरल्यावर प्रयोगशाळेची माणसं घमेली घेऊन पुढे झाली.

"बोटभरच खरवडा, खाली नुसती माती आहे," त्या म्हणाल्या. "आणि जरा थांबा. आधी भात काढायला हवा."

त्या एकट्याच चिखलात उतरल्या. भात उपटताना त्यांनी कुणालाही हात लावू दिला नाही.