दगडाखाली

"मोरेश्वरा, पाढे म्हणून आजवर कुणी मेलेलं नाही," अप्पा म्हणाले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अप्पा शाळेचे थोरले मास्तर. खालापूरच्या दोन पिढ्या त्यांच्यापुढे पावकी-निमकी घोकून शहाण्या झाल्या होत्या. मोरेश्वर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून नवी रीत घेऊन आला, पोरांना वर्गाबाहेर नेऊ लागला, तेव्हा अप्पा मिशीत हसले होते. आज ते हसत नव्हते. बोलण्यात टोमणाही नव्हता. मोरेश्वरला ते लागायला हवं होतं. काहीच लागलं नाही.

पोरांना टेकाडावर त्यानेच नेलं होतं. "दगड उलटा. खाली काय राहतं ते तुम्हीच मला सांगा," असंही तोच म्हणाला होता. ठाकरवाडीच्या पारूने दगड उलटला. खाली फुरसं होतं; ते विषारी जनावर तिच्या हाताला डसलं. तिसऱ्या दिवशी पारू गेली.

त्यानंतर मोरेश्वर आजच शाळेत आला होता. पोरांनी जमवलेली पानं, पिसं, शिंपले अप्पांनी डालग्यात भरून पडवीत ठेवले होते. वर्ग भरला होता. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं.

"बे एके बे," तो म्हणाला. पोरांनी री ओढली.

पाढा अर्ध्यावर आला तोच पायरीशी बुधी येऊन उभी राहिली. पारूची आई. कडेवर धाकटी कोंडी होती, चांगली पाच वर्षांची, कडेवर न मावणारी. वर्ग थांबला.

"गुर्जी, हिला घेवा शाळंत."

अप्पा खुर्चीतून उठले. "अगं बाई, आत्ता लगेच कशाला?"

बुधी मोरेश्वरकडेच बघत होती. "पारूच्या मागं मागं फिरायची ही. आता कशाला हात लावत नाय. लाकूड नाय, शेणी नाय. भुईला पाय टेकाय नको म्हनते. तुमी पारूला दावत व्हतां ना, तसं हिला दावा. भ्या जाईल तिचं."

मोरेश्वरने कोंडीचे पाय पाहिले. तिने ते आईच्या कमरेशी घट्ट वर ओढून धरले होते. काहीतरी बोलायला हवं, एवढं त्याला कळत होतं.

"बसव तिला," तो म्हणाला. "पाढे शिकवतो."

बुधीने तिला बस्करावर बसवलं. कोंडीने पाय पोटाशी घेतले आणि दोन्ही हात काखेत दडवले. पोरं पुन्हा सुरू झाली. बे दाहे वीस झालं. मोरेश्वरने परत बे एके बे धरलं.

बुधी पायरी चढून आत आली आणि तिने कोंडीला उचललं.

"ह्ये तिला येतं, गुर्जी. पारूनंच शिकवलंय."

ती रागावली नव्हती. तशीच वळली आणि गेली.

खिडकीतून मैदान दिसत होतं, त्यापलीकडे भाताच्या खाचराचा बांध. बुधी बांधापाशी थांबली. तिने कोंडीला खाली ठेवलं. पोर तिच्या पायाला मिठी मारून उभी राहिली. बुधीने कुंपणातली काठी उपसली, पदर धरलेल्या पोरीला मागे सारलं आणि एका दगडाच्या बुडाशी काठी घातली.

धावत जायला हवं होतं. निदान ओरडायला. मोरेश्वरने तोंड उघडलं.

"बे चोक आठ," तो म्हणाला. पोरांनी ते उचललं.

बांधावर दगड उलटला. बुधी बाजूला झाली. कोंडीने तिचा पदर सोडला आणि वाकून पाहिलं.