गुडघ्यांचं निमित्त

"आधी पाणी निथळून टाक," ताई फोनवर म्हणाली. "सगळा बेचवपणा त्या पाण्यातच असतो. मग तवा कोरडाच तापव. आणि फोन जवळ धर, मला ऐकू दे."

त्याने फोन तव्याशी धरला. पाकिटातल्या वाफवलेल्या शेंगा, गाजराच्या चकत्या आणि कोंबडीचा एक फिकट तुकडा तव्यावर पडला. आधी चर्र झालं, मग बारीक तडतड सुरू झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला ताई उशीला टेकून, डोळे मिटून ती तडतड ऐकत होती. हॉटेलच्या भटारखान्यात तिची उमर गेली होती. भांड्यात काय चाललंय ते तिला आवाजावरून कळायचं.

"आता उलट. कडा खरपूस झाल्या असतील बघ."

झाल्याच होत्या.

तो बेकरीची गाडी चालवायचा. भल्या पहाटे ताज्या पावांच्या वासाने गाडी भरून जायची आणि पहिलं दुकान येईपर्यंत एक अख्खा पाव त्याच्या पोटात गडप झालेला असायचा. लहानपणापासून त्याचं नावच ढोल्या. असा हा ढोल्या आता वजन उतरवायच्या पाकिटांवर जगत होता, हे बेकरीत कुणाला खरंच वाटेना. पाकिटावरचं चित्र मोठं झकास असे. आत मात्र बडा घर पोकळ वासा, अशी गत. पहिल्या घासाला त्याला रडूच आलं होतं. तेव्हा त्याने ताईला फोन केला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी हा उद्योग चालू झाला. ताई कधी लिंबाची साल किसून घालायला सांगे, कधी लसूण सालीसकट भाजून चुरायला, कधी मिरी जाडसर कुटायला. पुदिना हाताने तोड, सुरी लावू नकोस, म्हणून दटावे. मग तो पहिला घास घेई आणि चव सांगू लागे. आधी आंबट लागतं, मग जरा धुरकट, शेवटी जिभेच्या टोकाला मिरी. पलीकडे ताईचं तोंड हळूहळू हलत असे. तिच्या पुढ्यात बिनमिठाची पेज निवत असे, पण त्या घटकेला ती पेज नसायचीच. मधले पूल, रस्ते, दिवे सगळं कुठेतरी विरून जाई आणि दोघं भावंडं एकाच टेबलाशी जेवायला बसलेली असत.

"आणखी सांग," ती झोपेत बोलल्यासारखी म्हणे. तो आणखी सांगे.

गुडघे दुखतात म्हणून वजन उतरवतोय, असं त्याने तिला सांगितलं होतं. गुडघे ठणठणीत होते. निकामी झालं होतं ते ताईचं यकृत. घरातल्या कुणीतरी आपल्या यकृताचा तुकडा दिला तरच ती वाचणार होती, आणि घरात तिला या ढोल्याशिवाय होतं कोण? पण डॉक्टरांनी विषय काढताच ताईने तो तोडून टाकला होता. "माझ्या भावाला कापून मला जगायचं नाही. पुन्हा बोलू नका." ताई एकदा नाही म्हणाली की ब्रह्मदेवाच्या बापालाही तिचं मन वळवता येत नसे. तो गुपचूप एकटाच तपासणी करून आला. रक्त जुळलं, पण त्याच्याच यकृतावर चरबीचे थर निघाले. "आधी वजन उतरवा," डॉक्टर म्हणाले, "मग बघू. आणि त्यांना राजी तुम्हीच करायचं."

पट्ट्याला नवी भोकं पडत गेली. शर्ट अंगावर हलू लागला. तिकडे ताईचे डोळे हळदीसारखे पिवळे होत चालले, पावलं सुजली, आवाज लांबून आल्यासारखा येऊ लागला. दोघांत आधी कोण पोहोचतं, एवढाच प्रश्न उरला होता, आणि त्याला त्याची फार भीती वाटे.

डॉक्टरांनी अखेर होकार दिला त्या दुपारी तो तडक ताईकडे गेला. खिडकीतून मऊ ऊन पलंगावर आलं होतं. ती त्या उन्हात इतकी हलकी दिसत होती, की तो जपूनच कडेला टेकला. वाटेत जुळवलेलं सगळं भाषण तो विसरून गेला.

"ताई, माझ्या गुडघ्यांना काही झालं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या फोनपासून. अरे, गुडघ्यांसाठी तू पाकिटातलं जेवशील? तू? दोन्ही पाय गळून पडले असते तरी पाव सोडला नसतास."

त्याला हसू आलं आणि हसता हसताच तो थबकला. म्हणजे ती नाहीच म्हणणार होती. एवढं करून सगळं पाण्यात.

"मग थांबवलं का नाहीस मला?"

"थांबवणारच होते." ताई उन्हाकडे बघत राहिली. "सोपं होतं रे. रोज वरून लोणी सोड म्हणायचं, चांगलं दोन-तीन चमचे. भटारखान्यात जन्मभर तेच केलं. माझ्या शब्दावर तू डोळे मिटून खाल्लं असतंस, वजन काही हललं नसतं, आणि हा विषय आपोआप मिटला असता. पहिल्याच दिवशी ठरवलं होतं मी."

"मग?"

तिने त्याचा हात शोधला. तिची बोटं गार होती, पण पकड घट्ट होती.

"रोज फोन वाजला की लोणी अगदी ओठांवर यायचं. आणि रोज मी तुला लिंबूच सांगितलं. मला जगायचंय, ढोल्या."