लांडगिणीचं बीळ

बिळाच्या तोंडाशी धोंडे रचले होते. फटींमधून जळक्या कडब्याची राख बाहेर आली होती. सुकन्यानं एकेक धोंडा बाजूला केला, पोटावर पडून आत हात घातला आणि लांडग्याची पिल्लं बाहेर काढली. चार. सगळी गार पडलेली.

शिरूर अनंतपाळजवळच्या या माळावर ती लांडग्यांचा अभ्यास करायला नांदेडहून आली होती. राहायची गावातल्या नीलाबाईकडं. गावकऱ्यांना विश्वासात घ्या, असं अभ्यासाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी शिकवलं होतं. म्हणून नीलाबाईला इथं आणून हे बीळ तिनं स्वतः दाखवलं होतं.

नीलाबाई शेतातून चालत आली. पिल्लांकडं बघत उभी राहिली.

"मला वाटलं तीनच हाईत," ती म्हणाली.

सुकन्यानं वर पाहिलं. "मावशी, तुम्ही केलं?"

"हाव. माझी शेळी नेली लांडगिणीनं. पिती करडं मागं ऱ्हायली. बाटलीनं पाजायलेय, तर पीत न्हाईत." तिनं बिळाकडं बोट केलं. "जागा तूच दाखिवलीस की."

सुकन्यानं सरांना फोन लावला.

"वजन घे, लांबी घे, फोटो काढ," सर म्हणाले. "वनखात्याला कळवावं लागेल. कोणी केलं, कळलं का?"

फोन कानाशी धरून तिनं नीलाबाईकडं पाहिलं.

"सांग की माझं नाव," नीलाबाई म्हणाली.

"मी ज्यांच्याकडं राहते त्यांनी, सर. नीलाबाईंनी. पण जागा मी दाखवली होती."

फोन ठेवून तिनं टेपचं एक टोक नीलाबाईच्या हातात दिलं. "नाकापाशी धरा." नीलाबाईनं धरलं. एकामागून एक पिल्लू मोजून झालं. आता रडू येईल, असं सुकन्याला वाटत होतं. आलं नाही.

पिल्लं पोत्यात घालून दोघी निघाल्या. बांधावरच्या बाभळीपाशी नीलाबाईनं थांबून मागं पाहिलं.

लांडगीण परत आली होती. ती बिळात शिरली. बाहेर आली. पुन्हा शिरली. मग बाहेर येऊन तिनं मान खाली घातली आणि पोटात भरून आणलेलं मांस पिल्लांसाठी बिळाच्या तोंडाशी ओकून ठेवलं. ओरडली नाही. बिळाकडं तोंड करून तिथंच बसली.

"आता काय करंल ती?" नीलाबाईनं हळूच विचारलं. पोतं तिच्या हातात होतं.

"वाट बघेल," सुकन्या म्हणाली.