भुऱ्याची भाकरी

अण्णा जेवताना भाकरीचा पहिला तुकडा आपल्या भुऱ्या कुत्र्याला द्यायचे. ते गेल्यापासून भुऱ्या त्यांच्या रिकाम्या पाटाशी पडून राहायचा. कुणाच्याही हातचं खाईना. त्याला सोबत म्हणून योगिनीने ओझरहून टोपलीतून पिल्लू आणलं. आई म्हणाली, "मला आता आणखी कुणाला जीव लावायचा नाही. संध्याकाळी देऊन ये परत." आईने नागलीची भाकरी भुऱ्याच्या ताटलीत ठेवली. पिल्लू धडपडत आलं, ताटलीत पाय रोवून भाकरीवर तुटून पडलं. भुऱ्या गुरगुरला. पिल्लाने ढुंकूनही पाहिलं नाही. तेव्हा तो उठला, पिल्लाला बाजूला सारून उरलेली भाकरी खाऊ लागला. "मेल्या, लेकराच्या तोंडचा घास काढतोस?" आई भुऱ्याला म्हणाली. परत न्यायला योगिनीने पिल्लाची टोपली उचलली. "ठेव खाली," परातीत आणखी पीठ घेत आई म्हणाली. "ओझरला कळव, टोपलीसुद्धा परत मिळणार नाही."