आईचा करार
तो स्पर्धांमध्ये व्हिडिओ गेम खेळून पोट भरायचा. संघाचा पगार जेमतेम, बक्षिसं क्वचित. खरी कमाई व्हायची ती त्याचा खेळ घरबसल्या थेट पाहणाऱ्या प्रेक्षकांमुळे.

एकदा ऐन सामन्यात आई खोलीत घुसली. "दिवसभर नुसती बटणं बडवतोस! धड नोकरी बघ एखादी!"

सामना तो हरला, पण प्रेक्षक दहापट वाढले. संघाने लगोलग आईशीच करार केला. आठवड्यातून तीनदा येऊन ओरडायचं. आई आरशासमोर उभी राहून सराव करू लागली. वर्षभरात तिचा पगार त्याच्यापेक्षा जास्त झाला.

एके दुपारी तो धावत स्वयंपाकघरात आला. "आई, शेवटी तुझं ऐकलं! बँकेत नोकरी लागली मला!"

आई मटकन खाली बसली. "मेल्या, आणि माझ्या नोकरीचं काय?"