गोंदलेल्या भुवया

भुवया गोंदवून घेतल्यापासून तिला आरशाची शिसारी आली होती. काळ्याभोर राहायच्या सोडून त्या शेवाळासारख्या हिरवट झाल्या, आणि डावी तर इतकी वर चढली की बँकेत तिच्या काउंटरवर येणारा प्रत्येक जण दचकून विचारायचा, "मॅडम, सही चुकली का माझी?" नवरा तोंडावर हसत नसे, पण जेवताना तिच्याकडे बघणं टाळायचा.

शेवटी तिने ठरवलं, ही घाण लेसरने काढूनच टाकायची. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं क्लिनिक उघडलं होतं, तिथे ती गेली. पांढऱ्या कोटातल्या बाईंना बघून ती चमकलीच. तिच्या भुवया गोंदणाऱ्या त्या याच!

बाईंनी मात्र तिला ओळखलं नाही. तिच्या कपाळावर वाकून त्यांनी नाक मुरडलं.


"शी! कुठल्या गाढवाने केलंय हो हे?"